एकोणीस पोरं आणि एक जून

"उजवा हात डोक्यावरून घ्यायचा आणि डावा कान धरायचा," पारखे साहेबांनी हुकूम सोडला. "सगळ्यांनी. एकदम."

शाळेच्या अंगणात एकोणीस पोरं रांगेत उभी होती. एकोणीस हात वर गेले, डोक्याला वळसा घालून पलीकडे उतरले आणि एकोणीस कान पकडले गेले. एकानं चुकून शेजारणीचा धरला, तो सोडवावा लागला.

साहेबांनी रांगेसमोरून दोन चकरा मारल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सिस्टर, लिहा. सर्व मुलं सहा वर्षं पूर्ण."

"साहेब, ती तिसरी पास झालेली आहेत. सहा कशी नसतील?"

"मग नऊ पूर्ण आहेत की नाहीत, ते कशावरून बघायचं?"

त्यासाठी कुठला कान धरायचा असतो ते आम्हाला नर्सिंगला शिकवलं नव्हतं. पण हे मी मनातच म्हटलं. तेवीस वर्षांची होते, पहिलीच नोकरी, आणि पारखे साहेब आमच्या ट्रस्टचे प्रकल्प अधिकारी होते. त्याआधी ते खतांच्या कंपनीत होते, त्यामुळे 'डोस' म्हटलं की अजूनही एकरी किती ते विचारायचे.

झालं होतं असं. स्वाइन फ्लूची साथ येऊन गेली, त्याच्या पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या ट्रस्टनं डोंगरातल्या वाड्यांमधल्या लहान मुलांना फ्लूची लस द्यायचं ठरवलं. हुंबरवाडी ही त्यातलीच एक, आजऱ्याच्या पुढं, घाटाच्या तोंडाशी. तीन वाड्यांची मिळून एक शाळा. पाच मेला मी पहिला डोस दिला आणि सगळ्या आयांना बजावून सांगितलं, "तुमची मुलं ही लस पहिल्यांदाच घेतायत. नऊच्या आतल्या मुलांना अशा वेळी दोन डोस लागतात. एकावर थांबलात तर अर्धंच काम होतं. चार आठवड्यांनी मी परत येणार. शब्द देते."

भागीची आई, हौसाक्का, सगळ्यात पुढं बसली होती. भागी म्हणजे भाग्यश्री, तिसरीतली पोर. तिला दमा. मागच्या थंडीत साध्या सर्दीनं तिची छाती भरली आणि हौसाक्कानं तिला पाठीवर घेऊन नऊ किलोमीटर चालत दवाखाना गाठला होता. दोनदा. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि बाकीच्या बायकांना समजावलं, "पयली सुई म्हंजी सोयरीक आणि दुसरी म्हंजी लगीन. कळलं का गं?"

मी ट्रस्टच्या पत्रकात एवढं सोपं कुठं वाचलं नव्हतं.

तर तीन जूनला मी बर्फाची पेटी घेऊन शब्दाप्रमाणे आले. सकाळी बारकी पोरं झाली. पहिली झाली, दुसरी झाली. तिसरी पास झालेल्यांची रांग लागली आणि पारखे साहेबांनी लॅपटॉप उघडून हात वर केला. "थांबा. ही सगळी पूर्ण झालेली आहेत."

"कशी? एकच डोस दिलाय."

"हे बघा." पडद्यावर एकोणीस ओळी हिरव्यागार झाल्या होत्या. "वय नऊ पूर्ण. नऊ पूर्णला डोस एक. दिलेले डोस एक. विषय संपला."

"साहेब, महिन्यापूर्वी ही सगळी आठची होती."

"महिन्यापूर्वी होती. परवा एक जूनला नऊची झाली."

"सगळी?"

साहेबांनी यादी वरून खाली सरकवली आणि प्रथमच ती नीट वाचली. एक जून, एक जून, एक जून. एकोणीस वेळा एक जून, साल पण तेच. त्यांनी चष्मा काढून पुसला. "यांच्या आया काय सगळ्या एकाच दिवशी बाळंत झाल्या?"

पाठीमागून बायजामावशी खेकसली, "कोण म्हनतंय?" ती तिन्ही वाड्यांची एकुलती एक सुईण, सत्तरीची. "एका दिसात एकोणीस? हात हाईत का मशीन माझं?"

आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू केरबा सुतार गुरुजींकडं वळल्या.

गुरुजी व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. चौतीस वर्षं ते या शाळेचे मास्तर होते, शेवटची बारा वर्षं मुख्याध्यापक. एकतीस मेला निवृत्त झाले होते. नवे मुख्याध्यापक पंधरा तारखेला यायचे होते, म्हणून किल्ली यांच्याकडंच होती. निरोपाच्या शालीची घडी अजून खांद्यावर होती.

"तसं काय न्हाई साहेब," ते म्हणाले. "पोर घरात जन्मायचं. ग्रामपंचायत खाली नऊ किलोमीटर. नोंद कोण करतंय? जूनमध्ये आई पोराला घेऊन यायची. तारीख इचारली तर म्हणायची, 'तुमीच लिवा की गुर्जी, तुमी शिकल्यालं.' मग मी पोराला डोक्यावरनं कान धराय लावायचा. धरला की सहा पूर्ण. शाळा जूनला सुरू, म्हणून एक जून."

"आणि नाही धरला तर?"

"पुढच्या साली एक जून."

साहेब यादीवर बोट ठेवून म्हणाले, "हे दोघं? संदीप धोनुक्षे, सागर धोनुक्षे. एकच आई, एकच तारीख. जुळे का?"

"न्हाई, मधी दीड वर्षं हाय."

"अहो, मग?"

"दोघांनी एकाच दिवशी कान धरला," गुरुजी शांतपणे म्हणाले.

आणि अशा रीतीनं, शास्त्रीय खात्री करून घ्यावी म्हणून, पारखे साहेबांनी एकोणीस पोरांना कान धरायला लावले होते.

हौसाक्का कंबरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. भागी तिच्या पदराआड, बारीक शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेत.

"साहेब, तुमी धरून दावा की," हौसाक्का म्हणाली.

"मी? माझा काय संबंध?"

"न्हाई, म्हंजी पोरांना कळंल तरी, बरूबर कसं धरायचं."

साहेब गडी मोकळा. त्यांनी लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि उजवा हात डोक्यावरून घेतला. हात आखूड, मान जाड. बोटं डाव्या भुवईच्या जरा वर येऊन अडकली. त्यांनी मान वाकडी केली. मग हाताला दुसऱ्या हातानं ढकललं. बोटं कानापासून चार अंगुळं लांबच राहिली.

मग जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "सिस्टर, साहेबांचं बी दोन डोस काढा."

एकोणीस पोरं, अठरा आया आणि बायजामावशी, सगळी हसली. साहेबही हसले, पण लॅपटॉप परत घेताना त्यांचा आवाज कडक झाला होता. "हे बघा, नियम मी केलेला नाही. तक्ता छापील आहे. नऊखाली दोन, नऊपासून एक. वय कागदावर नऊ असताना मी दुसरा डोस दिला तर वरून विचारतील. चारला जीप पुढच्या गावाला निघणार. तिथं एकोणीस डोस कमी आहेत, हे तिकडं जातील."

घड्याळात अडीच वाजले होते.

"सायेब," हौसाक्का पुढं आली. "सोयरीक करून पोरगी सोडून देता व्हय? सिस्टरनी शब्द दिलाय. बोला की ओ सिस्टर."

मी बोलले. म्हटलं, साहेब, कागदावरच्या तारखेनं पोरगं मोठं होत नाही. साहेब म्हणाले, "मग कागदानंच लहान करा. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं पत्र द्या, की नोंदवहीतल्या तारखा अंदाजे आहेत आणि खऱ्या तारखा अशा अशा आहेत. मी फाइलला लावतो. एक प्रत जिल्हा परिषदेला. मग माझी हरकत नाही."

परत सगळ्या माना गुरुजींकडं.

गुरुजींचा चेहरा उतरला. "मी आता मुख्याध्यापक न्हाई."

"शिक्का कुठंय?"

"कपाटात."

"किल्ली?"

"...माझ्याकडं."

"मग मागची तारीख घाला. एकतीस मे," साहेब म्हणाले. "तुम्हाला तारखा घालायची सवय आहे."

गुरुजी मला बाजूला घेऊन गेले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, चौतीस वर्षांत मी सातशेच्या वर पोरं एक जूनला घातली. त्यातला एक फौजदार हाय, एक तलाठी. दोघं मिलिटरीत. ह्यो कागद जिल्ह्याला गेला की माझी चौकशी लागंल. पेन्शनचं कागद अजून टेबलावर हाईत."

तेवढ्यात भागी खोकली. तो खोकला तिच्या अंगापेक्षा मोठा होता. गुरुजींनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आणि बाई, एक सांगू? मीबी एक जूनचाच."

"म्हणजे?"

"आमच्या मास्तरांनी घातली. आई सांगायची, तू शिमग्यात झालास, आणि ते बी फुडच्या सालच्या. म्हंजी मी नऊ महिनं आधीच रिटायर झालोय." त्यांनी स्वतःचा कान चाचपला. "कान जरा लवकर घावला मला."

त्यांनी खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि किल्ली काढली.

ऑफिसात एका खिळ्याला दहा-बारा वर्षांच्या दिनदर्शिका एकावर एक टांगलेल्या होत्या. गुरुजींनी त्या काढून टेबलावर पसरल्या, कोरा कागद घेतला, चष्मा लावला. "बायजाबाई, बसा. एकेक सांगा."

बायजामावशी खुर्चीवर न बसता उंबऱ्यावर बसली. दारात सगळ्या आया.

"पांड्याचा पोरगा. बेंदराच्या दिवशी. बैलाला झूल घालायची सोडून बाप मला बोलवाय पळत आला."

गुरुजींनी दिनदर्शिकेत बेंदूर शोधला. तारीख लिहिली. अक्षर मोत्यासारखं.

"सुलीची पोर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. नवरा सोनं वाटाय गेल्ता, तिसऱ्या दिवशी आला. कुठं गेल्ता ते मी सांगत न्हाई."

"सांगू नकोसच," दारातून सुली.

"पायाळू हाय ह्यो. पायाकडनं आला. दिवाळीत, नरकचतुर्दशीला, पाटं पाटं. सगळं गाव आंगुळ करत हुतं आणि मी हितं घामाघूम."

एकेक पोर कागदावर नव्यानं जन्माला येत होतं. आया एकमेकींना ढोसत होत्या. साहेब सुरुवातीला घड्याळ बघत होते, मग खुर्ची ओढून ऐकायलाच बसले. सागर धोनुक्षे सव्वाआठ वर्षांचा निघाला. संदीप मात्र निघाला पावणेदहाचा.

"हा बाद," साहेब म्हणाले. "पाच मेला नऊच्या वर होता. याला एकच बास."

संदीप उड्या मारत बाहेर पळाला. त्याची आई मात्र खवळली. "गुर्जी, खोटं लिवलं हुतं तवाच बरं हुतं की! धाकट्याला दोन आणि थोरल्याला एक? घरात भांडण लावता?"

तीन वाजून गेले. अठरा नावं झाली. शेवटी भागी.

बायजामावशीनं तिच्याकडं बघितलं आणि लगेच म्हणाली, "ही व्हय? ही हत्ती आला त्या साली."

गुरुजींचं पेन थांबलं. त्या भागात कर्नाटकातनं रानहत्ती उतरतात, उसात घुसतात. पहिल्यांदा आला ते साल सगळ्या तालुक्याच्या तोंडावर होतं. गुरुजींनी बोटांवर हिशेब केला. मलाही हिशेब येत होता. साडेनऊ.

"नऊच्या वर असेल तर एका डोसनंही भागतं, हौसाक्का," मी म्हटलं. "खरंच भागतं."

"दिसती का नऊची?" हौसाक्कानं भागीला पुढं ओढलं. ती कुठल्याही अंगानं सातच्या वर दिसत नव्हती. "बायजामावशे, नीट आठव. तुला माझ्या गळ्याची शप्पत हाय."

बायजामावशीनं पदर सावरला. सत्तर वर्षांत तिच्या तोंडी तारीख चुकली नव्हती, तो तिचा मान होता. बाहेर ड्रायव्हरनं जीप चालू केली. भागीच्या छातीतली शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती.

"हत्ती दोनदा आल्ता," मावशी शेवटी म्हणाली.

"व्हय, दोनदा," हौसाक्का.

"ही दुसऱ्या हत्तीची."

गुरुजींनी मान वर न करता विचारलं, "नक्की?"

"हत्ती काय, सगळं सारखंच दिसत्यात. पर ही दुसऱ्याचीच. नागपंचमीच्या आदल्या दिवशी का काय ते, ते तुझं तू बघ."

गुरुजींनी बघितलं आणि तारीख लिहिली. एक डोस जास्तीचा गेला तर त्यानं अपाय होत नाही, हे मला पाठ होतं, आणि त्या क्षणी दुसरं काही आठवायची माझी इच्छा नव्हती.

सही झाली. शिक्का बसला. तारीख एकतीस मे. गुरुजींनी कागद साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो फाइलला लावला आणि म्हणाले, "घ्या सिस्टर. वीस मिनिटं आहेत."

मी अठरा दंडांत अठरा सुया घातल्या. भागीला पहिली. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "झालं लगीन?"

शेवटच्या पोराला दिल्यावर बर्फाच्या पेटीवर तक्ता उपडा ठेवून मी त्याच्यावर हातमोजे काढत होते. छापील तक्ता, त्याची मागची बाजू. महिनाभर तो माझ्या पिशवीत होता, साहेबांच्या फाइलीत होता, मागची बाजू कुणीच वाचली नव्हती. तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं: पहिल्या डोसच्या दिवशी मूल नऊ वर्षांखाली असल्यास दुसरा डोस द्यावा, दरम्यान नऊ वर्षं पूर्ण झाली तरी.

मी तीनदा वाचलं. मग साहेबांना दाखवलं. त्यांनी एकदाच वाचलं.

पाच मेला कागदावर एकोणीसच्या एकोणीस पोरं आठ वर्षांची होती. कान धरायची गरज नव्हती. हत्तीची तर नव्हतीच नव्हती.

"हे कुणाला सांगू नका," साहेब म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं. "म्हणजे तो... संदीप?"

"कागदावर तो आठचाच होता साहेब."

"कागद तो कागद. आणा त्याला."

संदीप तेव्हा शाळेमागच्या जांभळाच्या झाडावर बसून खालच्या रडणाऱ्या पोरांना वेडावत होता. त्याला उतरवायला ड्रायव्हर, त्याची आई आणि सागर असे तिघं लागले. सागर सगळ्यात उत्साहानं चढला. संदीपच्या दंडात सुई गेली तेव्हा तो गुरुजींकडं बघून ओरडत होता, "तुमीच म्हणला मी मोठा हाय! तुमीच म्हणला!"

चारला पाच मिनिटं कमी होती. साहेब जीपकडं निघाले, फाइल काखेत. गुरुजी व्हरांड्यात उभे होते, शाल परत खांद्यावर. त्यांनी काही मागितलं नाही. फक्त फाइलीकडं बघत होते, कोल्ह्याच्या तोंडात गेलेल्या कोंबडीकडं बघावं तसं.

"साहेब," मी म्हटलं, "आता त्या पत्राचं काय काम?"

साहेब थांबले. फाइल माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवली. "मला मिनिटभर काही दिसणार नाही," म्हणाले, आणि उजवा हात डोक्यावरून घेऊन परत एकदा कानाकडं न्यायला लागले.

कापसाचे बोळे जाळायला आम्ही शाळेमागं खड्डा काढला होता, तो अजून धुमसत होता. मी कागद त्यात टाकला. मोत्यासारखं अक्षर काठाकडनं काळं होत आत गेलं. बेंदूर गेला, दसरा गेला, दिवाळीची पहाट गेली. गुरुजी शेजारी येऊन उभे राहिले होते. कागद पुरता जळेपर्यंत हलले नाहीत.

"सुटलो बाई," ते म्हणाले. मग राखेकडं बघत म्हणाले, "पर बाई, चौतीस वर्षांत तेवढाच एक कागद खरा लिवला हुता. एक हत्ती सोडला तर."

त्यांचं पेन्शन वेळेवर सुरू झालं. आता ते नाहीत. बायजामावशी तर त्यांच्याही आधी गेली.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. "चौगुले सिस्टर का? मी भाग्यश्री. हुंबरवाडीची. दमावाली."

कोल्हापुरात एका दवाखान्यात ती रिसेप्शनला होती. दमा पंपावर आटोक्यात होता. लग्न ठरलं होतं.

"सिस्टर, एक काम होतं. ह्यांना माझा वाढदिवस करायचाय. आणि एक जूनला आमच्या अख्ख्या वाडीचा वाढदिवस असतो, केक कापायला लाज वाटते. आई म्हणते, गुरुजींनी सगळ्यांच्या खऱ्या तारखा लिहिल्या होत्या, तो कागद तुमच्याकडं होता. आईला नुसता हत्ती आठवतोय."

मी खिडकीत उभी होते. नागपंचमीच्या आदल्या दिवशी 'का काय ते', एवढंच मला आठवत होतं, आणि साल कुठलं धरायचं ते मला मुळीच ठरवता येत नव्हतं. पलीकडं तिचा श्वास ऐकू येत होता. शिट्टी नव्हती.

"सतरा ऑगस्ट," मी म्हटलं.

"नक्की?"

"माझ्यासमोर लिहिलं गुरुजींनी."

सतरा ऑगस्टला तिनं केकचा फोटो पाठवला. त्याच आठवड्यात सागर धोनुक्षेचा फोन आला. मग पांड्याच्या पोराचा, मग सुलीच्या पोरीचा. आतापर्यंत मी अकरा जणांना तारखा दिल्या आहेत. संदीपला तर मुद्दाम सागरच्या नंतरची दिली, म्हणजे त्या दिवशी तो नऊच्या आतलाच ठरतो; सुई त्यानं अजून विसरलेली नाही.

सगळ्या तारखा वेगवेगळ्या निघतील याची काळजी घेते. वहीत लिहून ठेवते. एक जून तेवढा टाळते.